लाल डोळ्याचा घेवडा

सासू: ही साल आहे का काप? उजेडाला धरून बघ जरा. बटाट्याची साल अशी हवी की पलीकडचं दिसलं पाहिजे. ही पायात घातली तर चप्पल होईल.

सून: सुरी बोथट झालीय, आई.

सासू: सुरी नाही बोथट, हात बोथट आहे. कपबशी पालथी घाल, तिच्या बुडाला खरखरीत कड असते ना, तिच्यावर चार वेळा घास. लागली धार. तुमच्याकडे काय, सुरीला धार गेली की नवी सुरी! आणि ते कांद्याचं टरफल कुठे टाकतेस?

सून: खताच्या खड्ड्यात.

सासू: आधी पातेल्यात. उकळायचं, त्या पाण्यात भाजी शिजवायची, मग खड्ड्यात. खड्ड्याला काही चव लागत नाही, आपल्याला लागते. त्या तुझ्या फोनमधल्या बाईनं नाही शिकवलं वाटतं हे?

सून: शिकवलं. मागच्याच आठवड्यात दाखवत होती.

सासू: दाखवेल नाही तर काय! पांढरे शुभ्र कपडे घालून भाजी खुडते. नखाला माती नाही. म्हणे, साधं जगा, थोडक्यात जगा. टोपलीच बघावी तिची, आपल्या महिन्याच्या किराण्याला भारी पडेल. असल्यांकडून काटकसर शिकायची म्हणजे माशानं कोरडं राहायला शिकवण्यासारखं आहे. ऊठ, ते पाणी उचल. भाज्या धुतलेलं पाणी मोरीत नाही, पुदिन्याला.

सून: पुदिन्यालाच घालणार होते.

सासू: घालणार होते, करणार होते. घालून ये आणि येताना फळीवरचा बिस्किटांचा डबा आण. झाकणाला पोचा आलाय तो. आज घेवडा टाकायचा. काल वाफ्याला पाणी सोडलं होतं, आज माती मुठीत धरली की गोळा होतोय आणि हातातून सोडली की फुटतोय. असा दिवस पुन्हा मिळत नाही. पलीकडच्या आमच्या धाकट्या जाऊबाईंना कळतंय का बघ. नसेलच कळत. बाजारातून पिशवीतली रोपं आणायची, खोचायची, मेली की पुन्हा बाजार. बागेतसुद्धा ऐदीपणा.

सून: आई, तो पोचा आलेला डबा ना?

सासू: तोच. राखेत ठेवलंय बी. सांभाळून आण, राख सांडशील.

सून: तो मी घासून ठेवलाय.

सासू: घासून? मग बी कशात काढलंस?

सून: त्यात आता साबणाचे तुकडे आहेत. तुम्हीच म्हणालात, या घरात रिकामा डबा रिकामा राहता कामा नये.

सासू: अगं, साबणाचं राहू दे! त्यातले दाणे कुठे गेले? पांढरे, लांबट, मधोमध लाल डोळा असलेले?

सून: ते शिजवले.

सासू: काय केलं?

सून: शिजवले, आई. मागच्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात आज भाजी आणायची नाही, घरात बघ काय आहे. मी डबे बघत होते. त्या डब्यात एक भुंगा फिरताना दिसला.

सासू: आणि?

सून: आणि काय? भुंगा दिसला की त्याच दिवशी चुलीवर. मी या घरात आले त्या पहिल्याच संध्याकाळी तुम्ही हे शिकवलंत. पाहुणे अजून ओसरीवर बसले होते.

सासू: ते खायच्या दाण्याला गं, बावळट! हे बी होतं!

सून: मला कसं कळणार? डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

सासू: लिहायला काय दवाखाना आहे? घरातल्या बाईला डबा हातात घेतला की कळतं आत काय आहे ते.

सून: मी चिठ्ठ्या लावल्या होत्या आल्या आल्या. सगळ्या डब्यांना. तुम्ही हसलात. घर आहे की औषधाचं दुकान, म्हणालात. मग एकेक सोलून चूल पेटवायला घेतल्यात.

सासू: चांगला जाड कागद होता, वाया घालवायचा होता का? बरं, ते सोड. राख नाही दिसली तुला? राखेतले दाणे कुणी खायला ठेवतं?

सून: वाटलं, किडीसाठी घातली असेल. तीन पाण्यांनी धुतले.

सासू: आणि ते पाणी मोरीत ओतलंस!

सून: पुदिन्याला घातलं.

सासू: आणि राख?

सून: राख गाळून भांडी घासायच्या डब्यात ठेवली.

सासू: सगळे नाही ना शिजवलेस? थोडे तरी राहिले असतील. तळाशी, कडेला.

सून: सगळे. अर्धं ठेवलं की भुंगा अर्ध्यात जातो, असं तुम्हीच म्हणता.

सासू: मी म्हणते, मी म्हणते! माझ्या तोंडात काही बरं नव्हतंच का म्हणायला? आणि मला कसं कळलं नाही ताटात?

सून: तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. कांदा घालून केलं होतं. म्हणालात, मीठ कमी आहे, पण आज पहिल्यांदा तुझ्या हाताला चव आली.

सासू: असं म्हणाले मी?

सून: म्हणूनच लक्षात राहिलं.

सासू: अगं बाई गं. मी खाल्लं. स्वतःच्या हातानं पातेलं पुसून खाल्लं. सासूबाईंनी जाताना दोन्ही हात धरले होते माझे. दागिन्याचं नाही बोलल्या, जागेचं नाही बोलल्या. म्हणाल्या, हे बी मोडू देऊ नकोस. त्यांच्या सासूकडून आलं होतं ते त्यांना. आजवर एक साल चुकवलं नाही मी. तापात होते तेव्हा खाटेवरून उठून पेरलं. आणि आता मीठ कमी आहे म्हणत खाल्लं!

सून: बी-बियाण्यांच्या दुकानात मिळेल ना घेवडा. मी आणते जाऊन.

सासू: रंगीत पाकिटातला? आखूड शेंग, जाड साल, शिजवला तर लगदा, नाही शिजवला तर खडा. आणि दुसऱ्या वर्षी त्याचं बी धरावं तर उगवत नाही. ते पाकीट चित्रासाठी घ्यायचं असतं, पेरायसाठी नाही. लाल डोळ्याचा घेवडा दुकानात नसतो. कुठेच नसतो.

सून: काकूंकडे आहे.

सासू: कोण काकू?

सून: आपल्या. पलीकडच्या. तुमच्या धाकट्या जाऊबाई.

सासू: तिच्याकडे कुठला आलाय! बाजारातलं काहीतरी असेल.

सून: गच्चीवर चादरीवर वाळत घातला होता. पांढरा, लांबट, लाल डोळा. मी कपडे वाळत घालताना दिसला. चादर भरली होती.

सासू: शक्य नाही. वाटण्या झाल्या तेव्हा आली होती मागायला, एक मूठ द्या म्हणून. मी कसले दिले माहीत आहे? निवडून बाजूला काढलेले, कोंबड्यांना टाकायचे. भोकं पडलेले, सुरकुतलेले. म्हटलं, हिच्या हाताला चांगलंसुद्धा उगवायचं नाही, मग चांगलं कशाला नासा? तिनं पदरात घेतले आणि गेली मुकाट्यानं. बघितलेसुद्धा नाहीत तिनं. बघणारी असती तर बोलली असती.

सून: मग ते उगवले असतील.

सासू: तू गप्प बस.

सून: बसते. बटाटे झाले, आता काय चिरू?

सासू: बटाटे राहू दे. इकडे ये. असं कर, वाटी घे आणि पलीकडे जा. सहज गेल्यासारखी. म्हण, काकू, तुमचा घेवडा छान दिसला, मला हौस आलीय, कुंडीत लावून बघते. माझं नाव काढू नकोस.

सून: मी नाही जाणार.

सासू: काय म्हणालीस?

सून: या घरातलं कुणी त्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं नाही. हेसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवलंत. साखर संपली होती, पाहुणा दारात होता, मी पलीकडे निघाले होते. तुम्ही अंगणातून हात धरून मागे आणलंत. पाहुण्यासमोर. म्हणालात, तुझ्या आईबापांनी मागायची सवय लावली असेल, इथे ती चालायची नाही.

सासू: रागात माणूस काही बोलतं.

सून: तुम्ही रागात नव्हता. हसत होता.

सासू: आता मला शहाणपण शिकवशील? बरं, नको जाऊस. मी कुणापुढे हात पसरला नाही आणि पसरणारही नाही. भिंतीवर ती वाळकी वेल दिसते का? तिचीच आहे ती. हंगाम सरून गेला, बाईला वेल उपटायलासुद्धा उरक नाही. लोंबतेय आपल्या बाजूला. आपल्या बाजूला आलेलं ते आपलं. वाळक्या शेंगा आहेत बघ. मूठभर दाणे निघाले तरी पुरे. ती फुटकी बादली आण.

सून: त्यात कढीपत्ता लावलाय.

सासू: मग ती दुसरी, कान तुटलेली. पालथी घाल. धर नीट. हलवू नकोस. कशाला मेली एवढी उंच भिंत घातली देव जाणे.

सून: तुम्हीच अजून दोन थर चढवायला लावले होते.

सासू: धर म्हटलं ना! ही आली हाताला. किती वाळलीय. अगं, ही रिकामीच आहे. ही पण. उकललेल्या आहेत सगळ्या. थांब, वरच्या बघते. बादली डगमगतेय!

सून: मी धरलीय. तुम्ही उजवीकडे झुकू नका.

धाकटी: त्या शेंगांत काही नाही, जाऊबाई. दाणे केव्हाच काढले मी.

सासू: अगं आई गं! केवढ्यानं दचकवलंस! मी काय शेंगा काढतेय असं वाटलं तुला?

धाकटी: हातात आहेत म्हणून सांगितलं.

सासू: कचरा आहे हा. आमच्या बाजूला पडतो. रोज झाडायचा कुणी? हंगाम उलटून गेला, वेल तशीच. आमच्यात ही पद्धत नव्हती. वेल संपली की उपटायची, बारीक तोडायची, वाफ्यावर अंथरायची. मातीला पांघरूण होतं, पाणी कमी लागतं.

धाकटी: हो. मुळं मात्र जमिनीतच ठेवायची, सासूबाई सांगायच्या. घेवड्याच्या मुळांनी माती सुधारते. मी वरची वेल पाखरांसाठी ठेवलीय, घरटं केलंय त्यांनी. तुम्ही बादलीवरून उतरा आधी. पडाल.

सासू: मला काही होत नाही. आणि सासूबाईंचं मला नको सांगूस. त्यांचं सगळं मी केलंय. तू तेव्हा भांडी आपटत होतीस.

धाकटी: आपटत होते. त्यात पोचे पडले आणि तेवढे डबे तुमच्या वाट्याला आले.

सून: आई, उतरा.

सासू: तू मधे बोलू नकोस! काय गं, तुझ्या गच्चीवर काहीतरी वाळत घातलं होतंस म्हणे. सून सांगत होती. कुठल्या दुकानातलं बी?

धाकटी: दुकानातलं नाही.

सासू: मग कुठलं?

धाकटी: तुम्हाला माहीत आहे कुठलं ते.

सासू: मला कसं माहीत असणार! मी कुणाच्या गच्चीवर डोकावत नाही. पण म्हटलं, बघावं. लाल डोळा असला म्हणजे तो तोच असतो असं नाही. नकली पण निघतो हल्ली. दाखव बरं.

धाकटी: इथून दाखवते. हा बघा. पदरात बांधून ठेवले होते, आज टाकायचेच होते. माती छान झालीय ना आज?

सासू: तुला कसं कळलं?

धाकटी: मूठ करून बघितली.

सासू: हं. जवळ आण. आणखी जवळ. डोळा थोडा फिका आहे. आमचा गडद होता. आणि जाडीला कमी वाटतो. तुझ्या मातीत कस नसेल.

धाकटी: नसेल. मग राहू दे. तुम्हाला काय, तुमच्याकडे डबाभर आहे.

सासू: आहेच. म्हणजे होता. यंदा जरा…

धाकटी: यंदा काय झालं?

सासू: काही नाही. यंदा जरा बदलून बघावं म्हटलं. एकाच मातीतलं बी पुन्हा पुन्हा लावलं की थकतं. तुझ्याकडचं असेल मूठभर, तर…

धाकटी: तर काय?

सासू: तर बघावं म्हटलं.

धाकटी: बघितलंत की आता.

सासू: किती आडमुठी गं तू! लग्न होऊन आलीस तेव्हापासून अशीच. समोरच्याला तोंड फोडून बोलायला लावायचं!

धाकटी: मी काहीच लावत नाही. ऊन चढायच्या आधी मला पेरून घ्यायचंय. येऊ मी?

सून: आई.

सासू: काय आहे गं?

सून: बादली चेपतेय.

सासू: चेपू दे! ए, थांब. जाऊ नकोस. माझं बी गेलं. सगळं. एक दाणा राहिला नाही. शिजवून खाल्लं, कसं ते विचारू नकोस. सासूबाईंनी माझ्या हातात दिलं होतं, तुझ्या नाही, आणि मी खाऊन बसले. पेरायला दे मला. दे म्हणतेय ना. झालं समाधान?

धाकटी: नाही झालं. थांबा, आणते.

(पलीकडे दार वाजतं. मग बराच वेळ काही ऐकू येत नाही. सासू बादलीवरून उतरत नाही.)

सासू: बघितलंस ना, बोलायला लावलंच. आता गल्लीभर सांगेल.

सून: नाही सांगायच्या.

सासू: तुला काय माहीत?

सून: त्या दिवशी मी साखर न घेता परत आले ना, संध्याकाळी भिंतीवर पुडी ठेवली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

सासू: साखरेची? ती घेतलीस तू?

सून: तुम्ही चहा पिऊन म्हणालात, आज गोड बरा झालाय.

सासू: माझ्याच घरात मला फसवतेस! उरलेला पाणउतारा संध्याकाळी कर. वाटी दे. ती नको, काठाला टवका उडालेली नको. ती हसेल. चांगली दे.

सून: चांगल्या तुम्ही कपाटात कुलपात ठेवल्यात.

सासू: मग टवक्याचीच दे! किती वेळ लावतेय बाई. डबा सापडत नसेल. घरात शिस्त नसली की असंच. माझ्याकडे असतं तर…

सून: तुमच्याकडे असतं तर चिठ्ठी नसती.

सासू: आली वाटतं. गप्प बस. चेहरा सरळ कर.

धाकटी: घ्या. वाटी इकडे करा. अजून वर, माझा हात पुरत नाही. दोन थर जास्तीचे घातलेत ना भिंतीला.

सासू: एवढे? मी मूठभर म्हटलं होतं.

धाकटी: असू देत. एखादा वाफा फुकट गेला तर हाताशी असावेत. यंदा चिठ्ठी लावून ठेवा.

सासू: मला शिकवू नकोस. आणि निवडलेस का? का तुझ्या नेहमीच्या गबाळ कारभारासारखे किडक्यासकट ओतलेस? उजेडात धरून बघितलेस का एकेक? घेवडा निवडून द्यायचा असतो, सासूबाई सांगायच्या.

धाकटी: निवडलेत जाऊबाई, म्हणून वेळ लागला. चांगले तुमच्या वाटीत आहेत. किडके मी ठेवलेत, ते कसे लावायचे मला माहीत आहे.